जाळरेषेवरचा पाला

कोथरूड, पुणे
८ डिसेंबर २०२४

शाइस्ता,

आशीर्वाद दरवेळी नव्याने लिहीत नाही. लहानपणापासूनचे बरेच साठले असतील तुझ्याकडे, त्यातलेच वापर.

तुझी बदली पुण्याला झाली, हे मला तुझ्या माणसाकडून कळावं ना? टेकडीवर तुमचा तो आगीवर लक्ष ठेवणारा दत्तोबा असतो. तो म्हणाला, "नव्या मॅडम आल्यात, पुन्याच्याच हायती, मोमीन म्हनून." मी माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर बसलोच. आपल्या रियाजची मुलगी आपल्याच टेकडीची साहेब झाली! तो असता तर त्याने आपल्या बाइंडिंगच्या दुकानासमोर अख्ख्या रविवार पेठेला चहा पाजला असता आणि वर "काही विशेष नाही हो" म्हणाला असता.

फोन करू नकोस. कानातल्या यंत्राला फोन लावला की मला नुसती शिट्टी ऐकू येते आणि पलीकडच्याला वाटतं मी ऐकतोय. स्पृहाला कित्येक महिने असंच वाटत होतं. पत्र लिही. तुझं अक्षर मी घडवलंय, ते तरी बघायला मिळेल.

टेकडीची खबर अशी. तू नोकरीला लागून बाहेर गेलीस तेव्हा तिथे गुडघ्याएवढी रोपं होती. आता रान आहे. वावळ, शिवण, बहावा, पळस, मोई. मी ग्रंथालयातून आणि रियाज दुकानातून सुटल्यावर आम्ही दोघांनी पाण्याचे कॅन वाहून जगवलेली पहिली झाडं माझ्या दुप्पट उंच झाली आहेत आणि माझ्यापेक्षा सरळ उभी राहतात. मंडळही वाढलं आहे. मंदाकिनीबाई सेक्रेटरी. त्यांचा आवाज मला यंत्राशिवाय ऐकू येतो. दर फेब्रुवारीत आसपासच्या सोसायट्यांचा पाचोळा आम्ही पोत्यांतून वर नेतो आणि झाडांच्या बुडाशी पसरतो. पाचोळा जाळायचा नाही आणि जमीन उघडी ठेवायची नाही, हे मंडळाचे दोन नियम. तिसरा नियम मंदाकिनीबाईंशी वाद घालायचा नाही.

स्पृहा हिंजवडीला चौदाव्या मजल्यावर राहते. तिचं म्हणणं, "बाबा, तिकडे आता तुमचं कोण आहे? फ्लॅट भाड्याने द्या आणि इकडे या." मी म्हटलं, झाडं आहेत. "झाडं तुमचं बीपी बघणार आहेत का?" पोर वाईट नाही, काळजीने बोलते. शेवटी आमच्यात असं ठरलं की जोवर मी टेकडी चढतोय आणि वर मला काही काम आहे, तोवर तिने विषय काढायचा नाही. म्हणजे ती झाडं आहेत म्हणून माझं घर आहे. तुझी काकू गेल्यावर मी एवढंच जमवू शकलो.

आता मुद्दा. परवा तुझ्या माणसांनी पश्चिमेच्या उतारावर, आमच्या झाडांच्या खालच्या अंगाला चुन्याची फक्की मारून ठेवली आहे. खेळपट्टी करताय का? कळव.

माधवकाका


विश्रांतवाडी
१७ डिसेंबर २०२४

माधवकाका,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. अब्बा तुम्हाला दोन्ही करायचे आणि तुम्ही म्हणायचा, एकावर एक फुकट मिळालं.

बदलीचं कळवलं नाही, कारण थोडी भीती वाटत होती. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची रानं सांभाळली. त्यांत माझं कोणी नव्हतं. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एकटी टेकडीवर जाऊन आले. अब्बांचा वावळ ओळखता आला. बुंध्यावर हात ठेवला आणि त्यांच्या बोटांना यायचा तो बाइंडिंगच्या खळीचा वास आठवला. मग तुमच्याकडे यायचं धाडस झालं नाही. रडत आलेल्या वनाधिकाऱ्याला तुम्ही काय काय बोलला असता, त्याची कल्पना आहे मला.

ती फक्की जाळरेषेची आहे. सांगते नीट. पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळवायचं आणि सकाळी, वारा नसताना, दव असताना, आमच्याच हातांनी जाळून टाकायचं. माणसं ओल्या फांद्या घेऊन दोन्ही कडांना उभी असतात. एक रुंद काळा पट्टा उरतो. उन्हाळ्यात खालून वणवा आला की त्या पट्ट्यात त्याला खायला काही मिळत नाही, आणि तो तिथे बसतो. असे दोन पट्टे काढायचे आहेत. एक तुमच्या झाडांच्या अगदी पायथ्याशी, दुसरा त्याच्या खाली, उताराच्या मध्यावर.

यंदा पाऊस फार झाला, काका. कुसळी गवत माझ्या कमरेच्या वर आहे. मार्चमध्ये त्याचा कागद होईल. दुपारचा पश्चिमेचा वारा उतारावरून सरळ वर चढतो. खाली रस्ता आहे, बिड्या आहेत, वाढदिवस साजरे करायला येणारी पोरं आहेत. वणवा दरवर्षी लागतोच. त्याला झाडांपर्यंत पोचू द्यायचं नाही, तेवढंच माझ्या हातात आहे.

तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. मंडळाला तुम्ही समजावून सांगा, माझ्या युनिफॉर्मचं ते ऐकणार नाहीत. आणि यंदा झाडांच्या बुडाशी पाचोळा टाकू नका. ओल टिकते, मान्य आहे. पण आग चुकून आत शिरलीच तर प्रत्येक झाडाखाली आपणच सरपण रचून ठेवल्यासारखं होईल.

स्पृहाला माझी आठवण सांगा. ती तुम्हाला नेणार नाही. मी ती झाडं जाऊ देणार नाही.

शाइस्ता


कोथरूड
६ जानेवारी २०२५

शाइस्ता,

तुझा होम झाला. मी हजर होतो, हे तू पाहिलंसच. पण तू कामात होतीस आणि मी गप्प राहण्याच्या कामात होतो, म्हणून बोलणं राहिलं.

आधी मंडळाची बैठक. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आम्ही बारा वर्षं लोकांना पाचोळा जाळू नका म्हणून सांगतोय, आणि वनखात्याच्या बाई येऊन टेकडीच पेटवणार?" कोणीतरी म्हणालं, बजेट संपवायचं असेल. मी म्हटलं, ती रियाजची मुलगी आहे. त्यावर बाई म्हणाल्या, "लवाटे, भावनेने पर्यावरण चालत नाही." इतकी वर्षं त्या टेकडीवर दुसऱ्या कशाने काय चाललंय, मला ठाऊक नाही. पण शेवटी मी एकटाच आलो. त्यांनी लांबून व्हिडिओ काढला, तो बहुतेक तुझ्या साहेबांपर्यंत पोचला असेल. पुण्यात पत्र पोचायला चार दिवस लागतात, तक्रार लगेच पोचते.

आता माझं. मला वाटलं होतं आग म्हणजे मोठा लोळ असेल. तुझी आग गुडघ्याएवढीही नव्हती. दत्तोबा तिला फांदीने असा बाजूला सारत होता, जशी बायका दारातल्या कोंबड्यांना सारतात. तू एका टोकाला उभी राहून हात वर करायचीस आणि सगळे थांबायचे. रियाज कागदाची कड कापताना असाच श्वास धरायचा.

पण वास सहन झाला नाही गं. एक सरडा अर्धा काळा झालेला पट्ट्यातून चालत बाहेर आला. कुठे जायचं ते त्याला कळेना. मी त्याला वहाणेवर घेऊन झाडांत सोडला. जगला नसणार.

आता रोज वर जाताना तो पट्टा ओलांडावा लागतो. भुसभुशीत काळी राख, खाली उघडी जमीन. तिच्याकडे बघवत नाही. झाडांसाठी आहे, असं स्वतःला बजावतो आणि पाय उचलून टाकतो.

तू मला सगळ्यांसमोर "काका, मागे व्हा" म्हणालीस. तेव्हापासून दत्तोबा मला सलाम ठोकतो. जरा अवघडल्यासारखं होतं. सवयही होतेय.

माधवकाका


विश्रांतवाडी
२१ जानेवारी २०२५

काका,

तुम्ही त्या दिवशी शेवटपर्यंत उभे राहिलात. मी तुमच्याकडे बघत नव्हते ते मुद्दाम. बघितलं असतं तर माझा हात खाली आला असता.

व्हिडिओ पोचला. वरून फोन आला. आवाज चढवून कोणी बोललं नाही. लोकांना विश्वासात घ्या, म्हणाले. उताराच्या मध्यावरचा दुसरा पट्टा आता जाळायचा नाही, असं ठरलं आहे. मी लेखी मुद्दे मांडले, दोनदा जाऊन भेटले. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

म्हणून हे तुम्हाला स्पष्ट लिहिते. आता तुमच्या झाडांच्या पायथ्याशी जो एक पट्टा आहे, तेवढाच आहे. खाली दुसरा नाही. सगळं त्या एकावर आहे.

मला जुन्नरकडे जावं लागतंय. बिबटे उसातून वस्त्यांवर येत आहेत, तिकडे माणसं कमी पडली म्हणून आम्हाला काहींना पाठवलंय. किती दिवस ते सांगितलेलं नाही. टेकडीवर दत्तोबा आहे. त्याला मी बजावलं आहे की काही अडलं तर माधवकाकांना विचार. पत्र घरच्या पत्त्यावरच टाका, आले की वाचेन.

पाचोळ्याचं लक्षात आहे ना? झाडांत नको.

शाइस्ता


कोथरूड
१६ फेब्रुवारी २०२५

शाइस्ता,

आज तुला खूश करणारं पत्र लिहायला बसलोय, तेव्हा चहा घेऊन वाच.

पाचोळ्यावरून इथे मोठं रामायण झालं. अकरा सोसायट्यांनी पोती भरून ठेवलेली, नेहमीसारखी. मंदाकिनीबाई म्हणाल्या, झाडांना घालायचा. मी म्हटलं, नाही, शाइस्ताने सांगितलंय, यंदा झाडांत एक पान पडणार नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्या बाईंसमोर टेबलावर हात आपटला. "मग काय आता परत नेऊन महापालिकेला जाळायला देऊ?" त्या म्हणाल्या. गाड्या वर आलेल्या, पोरं पोती घेऊन उभी.

तेव्हा मला सुचलं. तुझा तो पट्टा! एकदा जळून गेलेली जागा. जे जळून गेलंय, ते पुन्हा काय जळणार? आणि ती उघडी जमीन इतके दिवस माझ्या डोळ्यांत खुपत होतीच. आम्ही सगळा पाचोळा त्या पट्ट्यावर पसरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाडांपासून हात हात अंतर राखून, बरं का. बायकांनी गोधडी अंथरावी तसा हातांनी सारखा केला. राख दिसेनाशी झाली. पावसाळ्यात त्याचं खत होईल, माती धुपणार नाही. तुझा शब्दही राहिला आणि मंडळाचाही. मंदाकिनीबाई चक्क म्हणाल्या, "लवाटे, तुमच्या त्या मुलीला आमच्याकडून धन्यवाद कळवा."

दत्तोबा बघत होता. मी विचारलं, ठीक आहे ना रे? तो म्हणाला, "तुमी हाय म्हनल्यावर काय."

गेल्या रविवारी स्पृहा आली होती. तिला वर नेलं. अर्ध्यावर तीच दमली, मी नाही. रियाजच्या वावळाखाली बसलो. तिने माझ्या बाटलीतलं सगळं पाणी संपवलं. मग म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही." हे तुझ्यामुळे झालं असं मी समजतो.

बिबट्यांना सांभाळ. किंवा त्यांच्यापासून सांभाळ.

माधवकाका


विश्रांतवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

काका,

मी आज सकाळी जुन्नरहून आले आणि तुमचं पत्र उघडलं. हे दत्तोबाच्या हाती पाठवतेय, तो येताना दोन माणसं घेऊन येतोय. स्पृहाला फोन लावला, ती मीटिंगमध्ये आहे.

तो पाला काढा. काका, आजपासून काढा.

पट्टा रिकामा आहे म्हणूनच तो पट्टा आहे. तिथे आग चालायला काही नको. आता खालचं गवत पेटलं तर आग वर येईल, त्या पाल्यावर पाय ठेवेल आणि झाडांत जाईल. वाळलेला पाला गवतापेक्षा लवकर धरतो आणि वाऱ्याने उडतो. हवा आत्ताच किती तापली आहे. मी खालच्या गवतात हात घालून आले, ते मोडतं तेव्हा आवाज येतो.

मी दत्तोबाला विचारलं, तू काही का बोलला नाहीस? तो म्हणाला, "म्हातारं तुमच्या घरचं, मॅडम. तुमचंच सांगनं आसंल म्हनून मी गप. आन जळल्यालं पुन्ना काय जळतंय, आसं मला बी वाटलं." त्याला काय बोलू? मीच सगळ्यांसमोर तुम्हाला काका म्हटलं.

उद्या सकाळी मला पुन्हा तिकडे हजर व्हायचं आहे. रजा मागितली, मिळाली नाही. मंडळातल्या प्रत्येकाला बोलवा. पंज्याने ओढा, पोत्यांत भरा, माथ्यावरच्या टाकीच्या मोकळ्या आवारात नेऊन टाका. तुम्ही स्वतः वाकू नका. दुसऱ्यांना सांगा.

मी रागावलेली नाही, काका. घाबरले आहे.

शाइस्ता


कोथरूड
४ मार्च २०२५

शाइस्ता,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, पेन नवीन आहे.

अर्धा झाला. उत्तरेच्या टोकापासून मोठ्या खडकापर्यंत जमीन दिसते आहे. पसरायला चाळीसजण होते, काढायला सातजण आले. मंदाकिनीबाई रोज येतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, बसून बसून सरकतात आणि हाताने पानं गोळा करतात. बाकीचे म्हणाले, आज घाला म्हणता, उद्या काढा म्हणता, खात्याचा काही ताळमेळ आहे का? मी काय सांगणार? खात्याचा ताळमेळ होता. माझा नव्हता.

पाला दगडांच्या फटींत शिरलाय. कापलेल्या गवताच्या खुंटांत अडकलाय. सकाळी ओढून ठेवला की दुपारच्या वाऱ्याने निम्मा परत येतो.

खडकाच्या पलीकडचा राहिला आहे. होईल. तू तुझं काम बघ.

माधवकाका


ईमेल
२० मार्च २०२५

शाइस्ताताई,

बाबांच्या टेबलावर तुमची पत्रं होती. एका पाकिटाच्या मागे तुमचा ईमेल होता म्हणून लिहितेय. बाबा लिहीत नाहीत. दहा तारखेपासून, म्हणजे आगीच्या दिवसापासून, माझ्याकडे आहेत.

आगीचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. माझ्या बाजूचं एवढंच. दुपारी सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, "काकांना आवरा, ते टेकडीवर निघालेत." मी ऑफिसमधून निघाले, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले. पोचले तेव्हा चारपाच शेजाऱ्यांनी त्यांना धरून गच्चीवर नेलं होतं. तिथून सगळं दिसत होतं. मला वाटलं होतं ते ओरडत असतील. ते एकेका झाडाचं नाव घेत होते. धूर पुढे सरकला की पुढचं नाव.

त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, हे तुम्हाला माहीत नसेल. एक मार्चला तुमच्या त्या पट्ट्यावर पाला ओढताना ते घसरले. मनगट मोडलं. मलासुद्धा तीन दिवसांनी कळलं. नंतरही ते डाव्या हाताने पाला काढायला जातच होते.

मी तुम्हाला सरळ विचारते. शहात्तर वर्षांच्या माणसाला असं पत्र लिहायचं असतं का? माणसं लावून काढता आला नसता तुम्हाला? आणि मुळात ते जाळलं नसतं, तर उघड्या जमिनीवर पाला घालायचं त्यांच्या डोक्यात तरी आलं असतं का? तुम्ही लहानपणी आमच्याकडे यायचात, आई तुम्हाला माझ्याआधी वाढायची. म्हणून बोलतेय. दुसऱ्या कोणाला बोलले नसते.

फ्लॅट एक जूनपासून भाड्याने देतेय. मी दिवाळीपर्यंत थांबणार होते. आता कशासाठी थांबू? बाबांना विचारलं, ते "बरं" म्हणाले. इतक्या सहज "बरं" म्हणाले, की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यांना काही लिहायचं असेल तर खरं लिहा. धीर वगैरे देऊ नका. त्यांना कळतं.

स्पृहा


विश्रांतवाडी
३० मार्च २०२५

माधवकाका,

स्पृहाने खरं लिहा म्हटलं आहे. म्हणून बरेच दिवस लिहिलं नाही.

आग दुपारी लागली, खालच्या रस्त्याच्या कडेला. कोणी लावली ते कळलेलं नाही, कळणारही नाही. उताराच्या मध्यावर तिला अडवायला काही नव्हतं. मला जुन्नरला फोन आला. मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मी पट्ट्यावरून पूर्ण चालले. उत्तरेच्या टोकापासून खडकापर्यंत, जिथे तुम्ही, मंदाकिनीबाईंनी आणि दत्तोबाच्या माणसांनी पाला काढला होता, तिथे आग थांबली आहे. खालचं गवत काळं आहे, पट्टा तसाच आहे आणि वरच्या कडेचं गवत पिवळंच उभं होतं. खडकाच्या पलीकडे ती पाल्यावरून आत गेली. दत्तोबा आणि दोघंजण तिथे वाऱ्याने पाला उडवायचे ब्लोअर घेऊन उभे होते. जळता पाला उडून त्यांच्यामागे झाडांत पडायला लागला. ब्लोअरने तो आणखी उडत होता. मग दत्तोबाने मशीन टाकलं आणि हातांनी ओढायला लागला. त्याचे दोन्ही तळवे भाजलेत. आता बरा आहे, पण मूठ वळत नाही. पुढच्या हंगामात त्याला घेता येईल असं वाटत नाही. मी लिहून दिलं आहे. बघू, म्हणाले.

आत गेल्यावर आग उत्तरेकडे वळली आणि जे पट्ट्याने वाचवलं होतं, तेही तिने आतून नेलं. त्यामुळे शेवटी काहीच वाचलं नाही, काका. कडेची थोडी झाडं उभी आहेत, पण त्यांची साल आतपर्यंत गेली आहे. अब्बांचा वावळ मधून फाटला. मी त्याच्यापाशी उभी राहिले, रडू आलं नाही. मी मोजमापाची पट्टी काढली आणि नोंद करायला लागले. मला माझीच भीती वाटली.

पाला काढा असं मी लिहिलं, आणि तुम्ही वाकलात. झाडांत नको असं मी लिहिलं, आणि तुम्ही झाडांत टाकला नाही. मी सांगितलेलं सगळं तुम्ही ऐकलंत. पट्ट्यावर नको, हे मी लिहिलं नव्हतं. असं कोणी करेल हे माझ्या मनातच आलं नाही, कारण तुमच्यासारखी माणसं मी इतकी वर्षं कुठल्याच जंगलात पाहिली नव्हती.

स्पृहाने विचारलेले प्रश्न रास्त आहेत. तिला तेवढं सांगा.

शाइस्ता


विश्रांतवाडी
९ जून २०२५

काका,

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहितेय.

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. काल वर गेले होते. गिरिपुष्प सगळीकडे फुटला आहे. पूर्वी आमच्याच खात्याने लावलेला, तुम्ही ज्याला बिनबोलावलेला पाहुणा म्हणायचा तो. आता पूर्वीपेक्षा दाट होणार. पळसाच्या चारसहा खोडांना बुडातून धुमारे आहेत. बाकी कुठे काही नाही. वावळाच्या बुडाशी मी बोटांनी उकरून पाहिलं. ओल होती, पण खाली जिवंत काही लागलं नाही.

मंडळाचं काम थांबलं आहे. मंदाकिनीबाई भेटल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही दुसरा पट्टा जाळला असतात तर..." आणि रिक्षा शोधायला लागल्या. तो व्हिडिओ त्यांचाच होता. मी त्यांना हात देऊन रिक्षात बसवलं.

जुलैत रोपं मिळतील. मी वावळ मागवले आहेत. किती जगतील माहीत नाही. माथ्यावरची टाकी आता पाणी देत नाही, पाइप वितळले आहेत. पण तुम्ही या. मी गाडी पाठवते, हिंजवडीपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तिथून हळूहळू चढू. मी हात धरेन. तुम्ही फक्त बसून राहा आणि आम्ही रोपं वाकडी लावली की बोला.

या ना काका.

शाइस्ता


हिंजवडी
२२ जून २०२५

शाइस्ता,

प्लास्टर केव्हाच निघालं, आता हातही थोडा सुटला आहे, म्हणून लिहितो. बोटं अजून पेनाला परकी आहेत.

स्पृहा माझं फार बघते. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, खाली बागेत नेणं वेळेवर. तिथे माळी रोज पहाटे एकेक पान उचलून नेतो. मी त्याला काही सांगत नाही. समोरच्या इमारतीत एकाने गॅलरीभर प्लास्टिकची झाडं लावली आहेत. सुखी माणूस.

दत्तोबाला माझ्याकडून काही कळवू नकोस. कळवण्यासारखं माझ्याकडे काही असतं तर मी स्वतः गेलो असतो.

तू आपल्या दोघांत चूक वाटून घ्यायला बघतेस. रियाजही असंच करायचा. ग्रंथालयाच्या पुस्तकात मीच पान उलटं लावलेलं असलं तरी म्हणायचा, खळ पातळ झाली होती. त्याचं मी ऐकून घ्यायचो. तुझं ऐकून घेत नाही. जे जळलंय ते पुन्हा काय जळणार, हे माझ्या डोक्यात आलं, मला ते फार हुशारीचं वाटलं आणि ते मी तुला हौसेने लिहून कळवलं. अजूनही कधी कधी तो विचार बरोबरच वाटतो. म्हणून मी कुठल्याही झाडाजवळ असू नये.

घर गेलं. दोन मुलगे राहतात, कुठल्याशा कंपनीत आहेत. मी चावी द्यायला गेलो होतो. टेकडीकडची खिडकी त्यांनी बंदच ठेवली आहे, धूळ येते म्हणून. चावी दिली, दोघांनी वाकून नमस्कार केला. चांगली मुलं आहेत.

तू वावळ लाव. लावायला कोणीतरी हवंच, आणि तुझं ते कामही आहे. जगतील असं मी म्हणणार नाही. तुला खोटं लिहायची मला सवय नाही आणि आता नव्याने लावून घ्यायची नाही.

गाडी मात्र पाठवू नकोस. मला चढवणार नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. पण टेकडी चढायची म्हणजे नंतर उतरून घरी यायचं, दारात वहाणा झटकायच्या, चहा ठेवायचा आणि पाय पसरून बसायचं. वर चढेन गं मी. उतरून जायचं कुठे, ते सांग.

माधवकाका